राखेत दडलेला धातू

मुलांनो, पूर्वी आपल्याकडे घरोघरी चुलीतल्या राखेने भांडी घासत असत. राख म्हणजे टाकाऊ वस्तू. पण तिने घासलेले तेलकट भांडे लखलखीत निघते. असे का होते? लाकडाच्या राखेत एक खार असतो. तो पाण्यात विरघळतो आणि तेलाचा ओशटपणा काढून टाकतो. राखेचा हा गुण माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. अरब लोक खाऱ्या जमिनीत उगवणारी झुडपे जाळीत, त्यांच्या राखेतून खार काढीत आणि तो साबण व काच बनवण्यासाठी वापरीत. त्या राखेला अरबी भाषेत ‘अल-कली’ म्हणत. तोच शब्द पुढे युरोपात गेला आणि ‘अल्कली’ झाला. विज्ञानाच्या पुस्तकात हा शब्द तुम्ही वाचला असेल.

पण या खारात आहे तरी काय? शेकडो वर्षे कोणालाच याचे उत्तर देता आले नाही. खार तापवला तर तो वितळे, पाण्यात टाकला तर विरघळे. पण त्याचे आणखी सोपे घटक काही केल्या वेगळे होत नसत. म्हणून खार हेच एक मूलद्रव्य असावे, असे पुष्कळांना वाटू लागले. खरे म्हणजे त्या खारात एक धातू दडून बसला होता. चांदीसारखा चमकणारा, मेणासारखा मऊ, पाण्यावर तरंगणारा आणि पाणी लागताच पेट घेणारा धातू! १८०७ साली एका तरुणाने तो बाहेर काढला. त्या वेळी त्याचे वय होते अवघे अठ्ठावीस वर्षांचे. त्याचे नाव हंफ्री डेव्ही. या पाठात आपण त्याची ओळख करून घेऊ.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. तेथील पेन्झन्स या समुद्रकाठच्या गावी १७ डिसेंबर १७७८ रोजी हंफ्रीचा जन्म झाला. त्याचे वडील लाकडावर कोरीवकाम करीत. पाच भावंडांत हंफ्री सर्वांत मोठा. लहानपणी तो काही फार अभ्यासू मुलगा नव्हता. मासे पकडणे, रानात भटकणे, सवंगड्यांना रंगवून रंगवून गोष्टी सांगणे आणि कविता करणे यांत त्याचा वेळ जाई. गोष्ट सांगायला तो उभा राहिला की मुले त्याच्याभोवती गोळा होत. बोलण्याची ही हातोटी पुढे त्याच्या फार उपयोगी पडली.

१७९४ साली वडील वारले. हंफ्री तेव्हा सोळा वर्षांच्या आसपास होता. वडिलांनी मागे संपत्ती ठेवली नव्हती, कर्ज मात्र ठेवले होते. आई धीराची होती. तिने गावात स्त्रियांच्या टोप्या वगैरे विकण्याचे दुकान काढले आणि संसार सावरला. आईचे कष्ट पाहून हंफ्रीच्या वागण्यात बदल झाला. दुसऱ्याच वर्षी तो गावातील एका डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. औषधे कुटणे, मिसळणे, बाटल्यांत भरणे हे त्याचे काम. कॉलेजात जाण्याइतका पैसा घरात नव्हता. मग त्याने एका वहीत आपला अभ्यासक्रम आपणच लिहून काढला. भूगोल, तर्कशास्त्र, भाषा, वैद्यक, गणित असे अनेक विषय त्यात होते. शिक्षक नाही, परीक्षा नाही, बक्षीस नाही. तरी हा मुलगा ठरल्याप्रमाणे रोज वाचू लागला.

वाचता वाचता त्याच्या हाती फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए याचे रसायनशास्त्रावरील पुस्तक आले. या पुस्तकाने त्याला वेड लावले. घरातली मडकी, पेले, बशा आणि डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाटल्या घेऊन तो माळ्यावर प्रयोग करू लागला. एकदा कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर एक फ्रेंच जहाज फुटले. त्यावरील डॉक्टरने हंफ्रीला आपली जुनी हत्यारे भेट दिली. त्यातल्या एका पिचकारीपासून त्याने हवा काढून घेण्याचा पंप तयार केला, असे सांगतात. माळ्यावर अधूनमधून स्फोटाचे आवाज होत आणि हा मुलगा एक दिवस घर उडवून देणार, अशी घरच्यांना धास्ती वाटे.

हंफ्रीच्या हुशारीची बातमी हळूहळू गावाबाहेर गेली. १७९८ साली ब्रिस्टल शहरातील डॉ. बेडोज यांनी त्याला आपल्या संस्थेत बोलावले. निरनिराळे वायू हुंगायला देऊन क्षयासारखे रोग बरे होतील का, हे त्या संस्थेत तपासून पाहत. कोणता वायू माणसाला मानवतो आणि कोणता मारक ठरतो, हे त्या काळी नीट ठाऊक नव्हते. डेव्हीने ते शोधण्याचा सर्वांत धोक्याचा मार्ग पत्करला. तो वायू स्वतः हुंगून पाही. नायट्रस ऑक्साइड हुंगताच त्याला हसू येऊ लागले, अंग हलके वाटू लागले आणि दुखणारी दाढसुद्धा दुखेनाशी झाली. हा वायू शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना कमी करण्यासाठी वापरता येईल, असे त्याने १८०० साली आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. दुर्दैवाने चाळीसहून अधिक वर्षे कोणी त्याकडे लक्ष दिले नाही. तोवर किती रुग्णांनी शस्त्रक्रियेच्या यातना शुद्धीत सोसल्या असतील, याची कल्पना करा. दुसऱ्या एका वेळी डेव्हीने कार्बन मोनॉक्साइड असलेला विषारी वायू हुंगला. तेव्हा तो मरता मरता वाचला.

त्याच १८०० साली युरोपभर एका नव्या शोधाची चर्चा चालू झाली. इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने एक साधन तयार केले होते. दोन वेगवेगळ्या धातूंच्या चकत्या घ्यायच्या, त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कापड ठेवायचे आणि अशा अनेक जोड्या एकावर एक रचायच्या. या चळतीच्या दोन टोकांना तारा जोडल्या की त्यांतून विजेचा अखंड प्रवाह वाहू लागे. हीच जगातली पहिली बॅटरी. थोड्याच दिवसांत इंग्लंडमधील निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी तिच्या तारा पाण्यात बुडवल्या. तेव्हा एका तारेपाशी हायड्रोजन आणि दुसरीपाशी ऑक्सिजन वायूचे बुडबुडे येऊ लागले. म्हणजे विजेने पाण्याचे दोन भाग केले होते. ही बातमी कळताच डेव्हीही बॅटरी घेऊन प्रयोगांना लागला. जी वीज पाणी फोडते, ती आणखी काय काय फोडू शकेल?

१८०१ साली त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत नोकरी मिळाली. तेथे तो जाहीर व्याख्याने देई व बोलता बोलता प्रयोगही करून दाखवी. लहानपणची गोष्ट सांगण्याची हातोटी आता कामास आली. व्याख्यानाच्या दिवशी संस्थेसमोरच्या रस्त्यावर घोडागाड्यांची एवढी गर्दी होई की वाहतूक अडून जाई. टाळ्या आणि कीर्ती मिळूनही डेव्हीचे मन मात्र तळघरातल्या प्रयोगशाळेत असे. १८०६ साली त्याने विजेविषयीचे आपले विचार रॉयल सोसायटीपुढे मांडले. पदार्थाचे घटक ज्या शक्तीने एकमेकांना धरून ठेवतात, तिचे विजेशी जवळचे नाते आहे, असे त्याचे म्हणणे होते. तसे असेल, तर पुरेशी जोरदार वीज वापरून ती पकड सोडवता आली पाहिजे. हे खरे की खोटे, ते पाहण्यासाठी एखादा न फुटणारा पदार्थच हवा होता. डेव्हीने राखेतला तो जुना खार निवडला. त्याचे दाहक रूप दाहक पोटॅश या नावाने ओळखले जाते. ते बोटाला लागले तर कातडी भाजून निघते.

आता पुढचा भाग नीट लक्ष देऊन वाचा. डेव्हीचे मोठेपण या भागातच आहे.

पहिल्यांदा डेव्हीने दाहक पोटॅश पाण्यात विरघळवले आणि त्या द्रावणात बॅटरीच्या तारा बुडवल्या. द्रावण उकळल्यासारखे खळखळू लागले. पण हाती आले ते फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजन. बॅटरीचा जोर वाढवला, तरी तेच. दुसरा कोणी असता, तर खार फुटत नाही असे म्हणून त्याने हात धुतले असते. डेव्हीने मात्र या अपयशाचा अर्थ शोधला. आपण दोन पदार्थांतून एकदम वीज सोडतो आहोत, एक खार आणि दुसरा पाणी. पाणी लवकर फुटते, म्हणून विजेची सारी शक्ती पाणी फोडण्यातच खर्च होते. खाराची पाळी येतच नाही. तेव्हा खार फोडायचा असेल, तर आधी पाणी दूर केले पाहिजे.

मग त्याने कोरडे पोटॅश घेतले. पण नवीच अडचण उभी राहिली. कोरड्या, घट्ट खारातून वीज मुळी वाहतच नाही. खाराचे कण आपापल्या जागी घट्ट बसलेले असतात. ते हलू शकले, तरच वीज पुढे जाणार. पाणी घातले तर पाणीच फुटते आणि पाणी काढले तर वीज अडते. या पेचातून वाट कशी काढायची?

डेव्हीने वाट काढली. पाणी नको, पण पातळपणा तर हवा. मग खार उष्णतेनेच पातळ का करू नये? त्याने प्लॅटिनमच्या चमच्यात पोटॅश घेतले, स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवर ऑक्सिजनचा झोत सोडला आणि त्या प्रखर आचेवर ते वितळवले. मग चमचा बॅटरीच्या धन टोकाला जोडला आणि ऋण टोकाची तार वितळलेल्या खाराला लावली. काय आश्चर्य! वीज वाहू लागली. तारेपाशी डोळे दिपवणारा उजेड झाला आणि ज्वाळा उठली. कोणता तरी पदार्थ तेथे तयार होत होता आणि तयार होताच जळून जात होता. वाट बरोबर होती. पण हाती काही लागत नव्हते.

चमच्याखालची आच फार प्रखर होती. ती कमी कशी करायची? डेव्हीने पुन्हा विचार केला. वीज स्वतःच उष्णता निर्माण करते. मग दिवा हवा कशाला? त्याने पोटॅशचा लहानसा तुकडा क्षणभर हवेत ठेवला. हवेतील ओलाव्याने त्याचा पृष्ठभाग किंचित दमट झाला. वीज आत शिरायला एवढा ओलावा पुरेसा होता. तुकडा प्लॅटिनमच्या चकतीवर ठेवला. चकती ऋण टोकाला जोडली, धन टोकाची तार तुकड्याच्या माथ्याला लावली आणि वीज सोडली. तुकडा दोन्ही बाजूंनी वितळू लागला. वर जोराने बुडबुडे येऊ लागले. खाली, चकतीपाशी, पाऱ्यासारखे चमकदार बारीक थेंब दिसू लागले. काही थेंब तडतडून पेटले. काही टिकले, पण हवा लागताच त्यांच्यावर पांढरी पुटे चढली. दिवस होता ६ ऑक्टोबर १८०७.

डेव्हीचा चुलत भाऊ एडमंड त्या वेळी त्याचा मदतनीस होता. ते थेंब खाराचे कवच फोडून बाहेर येताना पाहिले आणि डेव्ही आनंदाने प्रयोगशाळेत अक्षरशः नाचू लागला, अशी आठवण त्याने सांगितली आहे. शेकडो वर्षांचे कोडे सुटले होते. पोटॅशमधून निघाला म्हणून या धातूचे नाव पोटॅशियम ठेवले गेले. काही दिवसांतच डेव्हीने दाहक सोड्यावर हाच प्रयोग केला. त्यासाठी आणखी जोरदार वीज लागली. पण त्यातूनही दुसरा धातू निघाला. तो सोडियम. तुम्ही रोज खाता त्या मिठातही हाच सोडियम असतो.

हे धातू सांभाळणेही सोपे नव्हते. पोटॅशियमचा कण पाण्यात टाकला की तो तरंगतो, इकडून तिकडे पळतो आणि जांभळट ज्वाळेने पेटतो. हवेतही तो टिकत नाही. मग तो ठेवायचा कशात? अनेक पदार्थ तपासल्यावर डेव्हीने त्याला नॅफ्था तेलात बुडवून ठेवले. आजही प्रयोगशाळेत हे धातू रॉकेलसारख्या तेलात ठेवतात. मुलांनो, प्रयोगशाळेत अशी बाटली दिसली, तर शिक्षकांच्या परवानगीशिवाय तिला हात लावू नका. हे धातू क्षणात डोळे आणि हात भाजून काढतात.

एक गंमत सांगतो. पोटॅशियमचे रासायनिक चिन्ह ‘के’ हे इंग्रजी अक्षर आहे. पोटॅशियमचे चिन्ह ‘पी’ का नाही, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला होता का? पोटॅशियमचे दुसरे नाव ‘कॅलियम’ असे आहे आणि ते अरबी ‘कली’ शब्दावरून आले आहे. राखेचे ते जुने अरबी नाव आजही जगातल्या प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहिले जाते.

१९ नोव्हेंबर १८०७ रोजी डेव्हीने हे शोध रॉयल सोसायटीपुढे जाहीर केले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो अंथरुणाला खिळला. लंडनच्या न्यूगेट तुरुंगातील हवा शुद्ध कशी करावी, हे पाहायला तो तेथे गेला होता; तेथेच त्याला तापाची लागण झाली, असे काहींचे मत होते. काहींना वाटे की अतिश्रमाने त्याची शक्ती संपली होती. कित्येक आठवडे तो जीवन आणि मरण यांच्या सीमेवर होता. त्याच्या प्रकृतीची चौकशी करायला एवढे लोक येत की संस्थेला दाराशी प्रकृतीची पत्रके लावावी लागली.

याच सुमारास एक विलक्षण गोष्ट घडली. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात तेव्हा युद्ध चालू होते. तरीही फ्रान्सच्या विज्ञान संस्थेने विजेवरील संशोधनासाठी असलेले नेपोलियनचे बक्षीस डेव्हीला जाहीर केले. शत्रूच्या हातून बक्षीस घेऊ नये, असे काही इंग्रज म्हणू लागले. डेव्हीने ते बक्षीस मानाने स्वीकारले. दोन देशांची सरकारे भांडत असली, तरी त्या देशांतील शास्त्रज्ञ एकमेकांचे वैरी नाहीत, अशी त्याची धारणा होती.

बरा होताच तो पुन्हा कामाला लागला. आता त्याने चुना आणि त्याच्यासारखे इतर पदार्थ घेतले. हे पदार्थ सहजासहजी वितळत नाहीत. त्यामुळे सुरुवातीला प्रयोग फसले. तेवढ्यात स्वीडनमधील बर्झेलियस या शास्त्रज्ञाचे पत्र आले. त्याने आणि त्याच्या मित्राने ऋण टोकाला पारा वापरून पाहिला होता. निघालेला धातू लगेच पाऱ्यात मिसळतो आणि जळण्यापासून वाचतो. डेव्हीने ही युक्ती उचलली. नंतर पारा तापवून उडवून लावला की मागे धातू राही. अशा रीतीने १८०८ या एका वर्षात त्याने कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि मॅग्नेशियम हे चार धातू मिळवले. दोन वर्षांत सहा नवे धातू!

एका धातूने मात्र त्याला हुलकावणी दिली. मातीत आणि तुरटीत एक धातू आहे, अशी डेव्हीची खात्री होती. त्याने त्याचे नावही ठेवून टाकले. तो धातू म्हणजे आजचा ॲल्युमिनियम. पण त्याचे ऑक्साइड वितळवायला २००० अंश सेल्सियसहूनही अधिक उष्णता लागते. ते डेव्हीच्या आवाक्याबाहेर होते. हा धातू त्याला शुद्ध रूपात कधीच मिळाला नाही.

१८१२ साली डेव्हीला ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी एका स्फोटक पदार्थावर प्रयोग करताना नळी फुटली आणि काचेचा तुकडा त्याच्या डोळ्यात गेला. काही दिवस त्याला लिहिता-वाचता येईना. लिहून घेण्यासाठी एक तरुण मदतीला आला. पुस्तकबांधणीच्या दुकानात काम करणारा तो एका लोहाराचा मुलगा होता. त्याने डेव्हीची व्याख्याने ऐकून त्यांची टिपणे काढली होती, त्यांचे सुबक पुस्तक बांधले होते आणि ते डेव्हीकडे पाठवून नोकरी मागितली होती. १८१३ साली डेव्हीने त्याला प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतले. त्या तरुणाचे नाव मायकेल फॅरेडे. पुढे तो जगातील थोर शास्त्रज्ञांपैकी एक झाला. ज्या मुलाला स्वतःला कॉलेज पाहायला मिळाले नव्हते, त्याने मोठेपणी तशाच दुसऱ्या मुलासाठी दार उघडले.

१८१५ साली डेव्हीकडे एक वेगळेच काम आले. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत जमिनीतून ज्वालाग्राही वायू निघे. खाणकामगारांच्या उघड्या दिव्यांनी तो पेटे आणि भयंकर स्फोट होत. १८१२ साली फेलिंग येथील खाणीत अशा स्फोटाने ९२ माणसे आणि मुले मृत्युमुखी पडली होती. होय, मुलेसुद्धा! तुमच्याच वयाची आणि तुमच्याहून लहान मुले तेव्हा खाणीत काम करीत. डेव्ही स्वतः खाणींच्या प्रदेशात गेला, वायूचे नमुने घेऊन आला आणि काही महिन्यांतच त्याने उपाय शोधला. दिव्याच्या ज्योतीभोवती त्याने बारीक तारेची जाळी बसवली. जाळी ज्योतीची उष्णता पसरवून टाकते, त्यामुळे आतली ज्वाळा बाहेरच्या वायूला पेटवू शकत नाही. त्याच वेळी जॉर्ज स्टीफन्सन यानेही स्वतंत्रपणे असा दिवा केला होता आणि श्रेय कोणाचे यावरून वादही झाला. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. डेव्हीने आपल्या दिव्याचे पेटंट घेतले नाही. घेतले असते, तर तो फार श्रीमंत झाला असता. खाणीतल्या माणसांचे प्राण वाचावेत, एवढेच त्याला पुरे होते.

मुलांनो, थोर माणसेही माणसेच असतात. १८२० साली डेव्ही रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. त्याच्याच हाताखाली वाढलेला फॅरेडे आता नवे नवे शोध लावू लागला होता. १८२४ साली त्याला सोसायटीचा सभासद करून घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा डेव्हीने त्याला विरोध केला. शिष्याची कीर्ती गुरूला पाहवली नाही, असे लोक म्हणू लागले. फॅरेडे निवडून आलाच. विशेष म्हणजे त्याने डेव्हीविषयीची कृतज्ञता कधी सोडली नाही. गुरू चुकला, तेथे शिष्य मोठा ठरला.

विषारी वायू आणि अविरत श्रम यांनी डेव्हीचे शरीर थकले होते. १८२६ साली त्याला पक्षाघाताचा झटका आला. हवापालटासाठी तो युरोपात हिंडत राहिला. २९ मे १८२९ रोजी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरी त्याचे निधन झाले. त्या वेळी तो फक्त पन्नास वर्षांचा होता. त्याला तेथेच दफन करण्यात आले.

डेव्ही गेला, पण त्याने दाखवलेली वाट बंद पडली नाही. विजेने पदार्थ फोडण्याच्या या क्रियेला विद्युत अपघटन म्हणतात. तिचे नियम फॅरेडेने १८३० नंतरच्या वर्षांत शोधून काढले. १८५२ साली जर्मन शास्त्रज्ञ बुन्सेन याने वितळलेल्या क्षारातून मॅग्नेशियम काढले. आता राहिला होता तो ॲल्युमिनियम. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी एकमेकांना न कळत त्याची किल्ली शोधली. दोघेही १८६३ सालीच जन्मलेले. ॲल्युमिनियमचे ऑक्साइड वितळत नाही ना? मग ते वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात विरघळवायचे. तेथे सुमारे ९६० अंश सेल्सियसला काम भागते. त्या तप्त रसातून वीज सोडली की तळाशी वितळलेला ॲल्युमिनियम साठतो. पाणी नको, पातळपणा हवा. डेव्हीचाच धडा त्यांनी पुढे नेला.

आजही जगातील कारखाने याच रीतीने ॲल्युमिनियम काढतात. सोडियमही वितळलेल्या मिठातूनच काढतात. शुद्ध मीठ ८०१ अंशांना वितळते. पण त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळले की सुमारे ६०० अंशांना काम होते आणि इंधन वाचते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील डोंगरपठारांवर बॉक्साइट नावाचा लालसर दगड सापडतो. ॲल्युमिनियम मिळवण्यासाठी लागणारे ऑक्साइड याच दगडातून काढतात. एकेकाळी सोन्यासारखा मौल्यवान असलेला हा धातू आज गरिबाच्या घरातही पातेल्याच्या रूपाने चुलीवर चढतो.

डेव्हीजवळ ना कॉलेजची पदवी होती, ना वडिलांचा पैसा. पहिला प्रयोग फसला तेव्हा तो का फसला, हे त्याने स्वतःला विचारले. दुसरा फसला तेव्हा पुन्हा विचारले. प्रत्येक फसलेला प्रयोग त्याला काही ना काही शिकवून गेला आणि त्यातूनच राखेतला धातू बाहेर आला. मुलांनो, तुमचे एखादे गणित चुकले, एखादा प्रयोग बिघडला, तर वही मिटून ठेवू नका. तो नेमका कोठे अडला, ते आधी शोधा. उत्तराची वाट बहुधा तेथूनच सुरू होते.